ऑरिन हॅस्केटचा खोकला

मार्लो कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच ऑरिन हॅस्केट मैदानावर ओरडला, की पलीकडच्या वाड्यातली डुकरं मान वर करून बघायची. आठवडाभर सरावात तो पोरांवर असं तोंड सोडायचा, आणि शनिवारी सामना सुरू झाला की गप्प. नियमच होता तसा. खेळ चालू असताना कोचने कडेवरून चकार शब्द काढायचा नाही. काढला तर संघ पंधरा यार्ड मागे. ज्याने हा नियम केला त्याला बोलक्या माणसाचं दुःख काय कळणार!

ऑरिनने मग खोकला शोधून काढला. एकदा खोकला, की चेंडू लांब लाथाडायचा. दोनदा खोकला, की चेंडू कवेत घेऊन डावीकडून पळायचं. तीनदा, उजवीकडून. "मैदानावर डोकं माझं, पाय तुमचे," असं तो पोरांना बजावायचा, आणि संघाचा डाव हाकणारा क्लेम ओकली ते बायबलमधलं वचन असल्यासारखं पाळायचा. चार मोसम मार्लो जिंकत राहिलं, आणि बिचाऱ्याची छाती नाजूक आहे म्हणून चर्चच्या बायका ऑरिनच्या घरी मध पाठवत राहिल्या.

लोखंडी सामानाचं दुकान चालवणाऱ्या सासऱ्यांना मात्र हे फुटबॉलचं खूळ मुळीच पसंत नव्हतं. "जावईबापू, पोरांना चिखलात लोळवून झालं की सांगा," ते म्हणायचे. "दुकानात खिळ्यांचे खोके तुमची वाट बघतायत." ऑरिनला त्या खोक्यांची खरोखर धास्ती होती. १९०८ साली त्याचा करार संपत आला, तेव्हा कॉलेजचे अध्यक्ष डॉ. थॉर्न यांनी स्पष्ट सांगितलं: नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला होणाऱ्या सामन्यात डेक्स्टर कॉलेजला हरवलंत तर राहा, नाहीतर रामराम.

नेमकी सामन्याच्याच सकाळी ऑरिनला सर्दी झाली. खरीखुरी, छाती भरलेली.

"घरी बस," बायको विनी म्हणाली. "ओव्हनमधली टर्कीसुद्धा तुझ्यापेक्षा बरी दिसतेय."

तो ऐकतोय कसला! पेपरमिंटच्या गोळ्या गालात कोंबून तो बाकावर जाऊन बसला.

शेवटच्या मिनिटाला डेक्स्टर चार गुणांनी पुढे होतं, पण मार्लोची पोरं डेक्स्टरच्या गोलरेषेपासून चारच यार्डांवर पोचली होती. चेंडू घेऊन रेषा ओलांडली की पाच गुण; एक धक्का, आणि सामना खिशात. ऑरिनचा घसा खवखवला. त्याने मफलर तोंडात धरला, श्वास रोखला, चेहरा बिटासारखा लाल झाला. आणि मग तो खोकला. एकदाच.

क्लेमने वळून बघितलं. क्षणभर थांबला. मग त्याने चेंडू असा लाथाडला, की तो रेषा, कुंपण सगळं ओलांडून चर्चच्या बायकांनी मांडलेल्या भोपळ्याच्या केकवर जाऊन पडला. सामना संपला, मार्लो हरलं.

"गाढवा!" डॉ. थॉर्न मैदानात धावत आले. "चार यार्डांवरून लाथाडतोस? डेक्स्टरने फितवलं की काय तुला?"

लोकही ओरडायला लागले. क्लेम बुटांकडे बघत उभा राहिला. तो मरेपर्यंत तोंड उघडणार नाही, हे ऑरिनला ठाऊक होतं. आपणही गप्प बसलो तर सगळं खापर पोरावर फुटेल आणि आपली नोकरी कदाचित वाचेल, हेही ठाऊक होतं.

"डॉक्टर, त्याला बोलू नका," ऑरिन म्हणाला. "मी खोकलो. चार वर्षं खोकतोय."

"मग औषध घ्या!"

"औषध नाही हो त्याला. आमची खूण आहे ती. एकदा खोकलो, की लाथाडायचं."

सोमवारी ऑरिन खिळे विकायला बसला, तो एकतीस वर्षं विकत राहिला. क्लेम पुढे स्वतः कोच झाला. दर थँक्सगिव्हिंगला तो दुकानात यायचा, उगाच मूठभर खिळे घेऊन जायचा. त्या दिवसाबद्दल मात्र दोघं कधीच बोलले नाहीत.

शेवटच्या हिवाळ्यात ऑरिन न्यूमोनियाने अंथरुणाला खिळला. क्लेम उशाशी बसला होता. ऑरिन एकदा खोकला, आणि क्लेमचा उजवा पाय आपसूक उडाला.

"राहू दे रे," ऑरिन पुटपुटला. "हा खरा आहे."

"तेव्हाचाही खराच होता, कोच. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग लाथाडलास कशाला रे, गाढवा?"

"डोकं तुमचं होतं ना."

ऑरिन इतका हसला, की त्याला पुन्हा खोकला आला. या वेळी क्लेमने पाय जमिनीवर घट्ट रोवून धरला.