तोट्याची पावती

आमची आत्या कापड बेतायला बसली की तिच्याशी बोलायची कोणाची टाप नव्हती. ओठांत टाचण्या, कानामागे खडू. गणवेश शिवायचा कारखाना तिने आणि तिच्या चुलतदिराने मिळून काढला होता. बेतणं-शिवणं तिच्याकडे, ऑर्डरी आणि गल्ला त्याच्याकडे, नफा अर्धा-अर्धा. कागद केला नव्हता. घरच्या घरात कसला आलाय कागद, असं तोच म्हणाला होता.

अकरा वर्षं आत्या घरखर्चापुरते पैसे उचलत राहिली आणि बाकीचा नफा धंद्यातच ठेवला. जागा वाढली, मशिनं वाढली. मग तिने आपला वाटा मागितला, तेव्हा दीर शांतपणे म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर पगारावर होता." हे लिहितानाही माझं डोकं फिरतं.

आत्या रडत बसली नाही. सरळ एका वकीलबाईंकडे गेली. त्यांनी समजावलं की भागीदारी तोंडी असली तरी चालते. ती मोडून हिशेबाचा दावा लावता येतो, कोर्ट वह्या तपासायला माणूस नेमतं आणि ज्याचा त्याला वाटा देतं. पण भागीदारी होती, हे आधी सिद्ध करायला हवं.

"मग करू की," आत्या म्हणाली आणि घरी आली.

तिचे कागदी साचे घरी खिळ्याला टांगलेले असत. ज्या साच्यात जे चुकलं, त्याची आठवण त्यालाच टाचलेली. कोटाच्या साच्याला एक पावती होती. पाचव्या वर्षी घाईघाईत कापड न भिजवताच बेतलं होतं. पहिल्याच धुण्यात दोनशे कोट आटले आणि सगळे परत आले. दिराने निम्मं नुकसान आत्याकडून वसूल केलं आणि आपण व्यवहाराला किती चोख, हे दाखवायला स्वतःच्या हाताने लिहून दिलं: 'कारखान्याच्या तोट्यातला अर्धा वाटा मिळाला.'

न्यायाधीशांनी ती पावती दोनदा वाचली. मग दिराला विचारलं, "पगारी माणसाकडून तोट्याचा वाटा घेता तुम्ही?"

दीर आपल्या वकिलाकडे बघू लागला, वकील पंख्याकडे.

वह्या उघडल्या, तपासल्या गेल्या आणि अकरा वर्षांचा अर्धा नफा आत्याच्या नावावर निघाला. दिराने कोर्टातच चेक पुढे केला. आत्याने तो नीट वाचला, पर्समध्ये ठेवला आणि तिथेच बाकावर बसून पावती लिहिली: 'कारखान्याच्या नफ्यातला अर्धा वाटा मिळाला.'

"जपून ठेवा, भाऊजी," ती म्हणाली. "कामाला येते."