आशाबाईने शिकवलेली तहान

वरूडच्या वामनरावांच्या संत्र्याच्या शेडमध्ये आशाबाईला मोठा मान होता, आणि तो कशाबद्दल होता हे सांगायचीच लाज वाटते. संत्री निवडण्यात तिचा हात बसलेला होता हे खरं, पण तसे हात तिथे पुष्कळ होते. मान होता तो यासाठी की सकाळी पोत्यावर बसलेली ही बाई दिवस मावळेपर्यंत लघवीला उठत नसे.

शेडला संडास-बाथरूम नव्हतं असं नाही. चांगलं फरशी लावलेलं होतं. परगावच्या व्यापाऱ्यांना दाखवायला बांधलं, आणि बाया घाण करतील म्हणून कुलूप घातलं. किल्ली देवमन मुनीमजीकडे. ती मागायची तर हमालांच्या घोळक्यातून त्याच्या टेबलापर्यंत जावं लागे, आणि देवमन किल्ली देण्याआधी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारी, "काहून वो, आताच तं गेल्ती ना?" हमाल दात काढत. एकदा किल्ली मागितलेली बाई सहसा पुन्हा मागत नसे.

यावर आशाबाईने तोडगा काढला होता आणि नव्या येणाऱ्या प्रत्येकीला ती तो शिकवी. "पोटात पाणीच नाई गेलं तं बाहीर येईन कुठून? निंगताना एक घोट प्याचा, मंग घरी जाऊनच." आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. पण बायांना ते शहाणपण वाटे. उन्हाळी लागली, लघवीला आग झाली, तर आपल्या धंद्याचंच दुखणं समजून त्या एकमेकींना उरल्यासुरल्या गोळ्या देत आणि दुसऱ्या दिवशी कामावर येत.

मृग बहाराचा माल आला, ऊन चटके द्यायला लागलं, तेव्हा आशाबाईने सुनेला हाताशी आणलं. पौर्णिमा मोर्शीची, नवी नवरी, आणि पोटुशी. घरात एकुलत्या लेकानंतर, बंडूनंतर, पाळणा हलला नव्हता. आशाबाईने जुनी लुगडी फाडून दुपटी शिवायला घेतली होती आणि सुनेला खालची पोती उचलू देत नव्हती. पण पाण्याची शिस्त ती शिस्त.

पोटुशीला तहान जास्त लागते, उठावंही जास्त लागतं, हे आशाबाईला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? बंडू काही आभाळातून पडला नव्हता. पण आपली सून देवमनपुढे हात पसरून उभी राहील आणि हमाल तिच्या पोटाकडे बघून हसतील, हे तिला सोसवणारं नव्हतं. पोरीची अब्रू जपायची म्हणून तिने पोरीचं पाणी तोडलं. माया होती ती. मायेनेच घात केला, म्हणून तर जास्त चीड येते.

"आत्याबाई, लय आग होऊन राह्यली," पौर्णिमा एकदा म्हणाली.

"उन्हाळी लागली असन. घरी गेल्यावर धन्याचं पाणी देतो." दिलंही तिने. वाटीभर.

मग पौर्णिमाची कंबर धरली, पाठोपाठ हुडहुडी भरून ताप आला. बंडूने गाडी करून तिला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. तिथे माधवी डॉक्टरांनी तपासलं आणि आशाबाईला विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिते ही?"

आशाबाईने खरं ते सांगितलं. डॉक्टरीण रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"हे जंतू लघवीच्या वाटेने आत येतातच," ती म्हणाली. "त्यांच्या अंगावर केसाहून बारीक तंतू असतात. त्यांच्या टोकांनी ते मूत्राशयाच्या आतल्या पेशींना धरतात. पाणी भरपूर प्यालं, वेळेवर लघवी केली, तर पुष्कळसे धरायच्या आतच धुऊन जातात. पण एकदा नीट धरलं की धारेची ओढ बसली तरी सुटत नाहीत. उलट पकड घट्ट होते. हिचं धुणंच झालं नाही. जंतू वाढले आणि किडनीपर्यंत चढले. गरोदरपणात ती वाट सैल झालेली असते."

आशाबाईला लुगड्याच्या काठात रुतणारं कुसळ आठवलं. उपटायला जावं तर ते आणखीच आत शिरतं. तिने विचारलं, "आन् लेकरू?"

"औषध सुरू केलंय. पण कळा लागल्यात, आणि दिवस फार कमी भरलेत."

मुलगा झाला. ओंजळीत मावेल एवढा. संध्याकाळपर्यंतही राहिला नाही. पौर्णिमा वाचली.

काही दिवसांनी आशाबाई शेडवर गेली ती भांडायच्या तयारीने. पोत्यावर न बसता थेट वामनरावांपुढे उभी राहिली. देवमन होता, हमाल होते, बाया मान वर करून बघत होत्या. "मालक, ते कुलूप काढा. नाई तं एकही बाई मालाले हात नाई लावणार," ती म्हणाली.

वामनरावांच्या दारात ट्रक भरायला उभा होता. त्यांनी फोनवरून नजरही नीट उचलली नाही. "येवढंच ना? देवमन, काढ रे ते कुलूप. आशाबाई, येवढ्यासाठी कायले तमाशा? आधी सांगतलं असतं तं आधीच काढलं असतं."

झालं. एवढंच. ओठावर आणलेल्या शिव्या तिला गिळाव्या लागल्या.

घरी आल्यावर तिने पौर्णिमाजवळ पाण्याचा तांब्या ठेवला. पोरीला जरा तरी धीर येईल असं तिला वाटलं. "कुलूप काढाले लावलं म्या," ती म्हणाली. "साऱ्यायसमोर बोलली. लगेच काढलं त्यायनं. आता कोणाले इचाराचं काम नाई."

पौर्णिमाने तांब्याला हात लावला नाही. दूध आलेली छाती तिने पदराने घट्ट बांधून घेतली होती.

"येका शब्दात निंगालं ना?" ती म्हणाली. "मंग तवा काहून नाई बोलल्या, आत्याबाई?"