वहिनीचं अर्धं पान

आमची वहिनी कुठलंही काम पुरं करत नाही, आणि तरी तिची सगळी कामं होतात. चार कांदे चिरायला घेतले की तिसऱ्यावर उठते. चौथा दादा चिरतो आणि वर स्वतःवरच खूश असतो. वाचनालयात ती देवघेवीच्या टेबलावर असते. तिथंही निम्म्या पुस्तकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या ती चिकटवते आणि उरलेल्यांना पेपर वाचायला आलेले निवृत्त पोस्टमास्तर. कुणी वैतागत नाही. मी मात्र तिच्यावर जळतो. खोटं कशाला बोलू?

त्यांच्या वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी ठेवणारं एक सॉफ्टवेअर आहे. फुकट मिळतं. ठिकठिकाणची हौशी माणसं मिळून ते बनवतात, आणि ते वापरायचं कसं याची पानंही तीच लिहितात. पानात कुणीही बदल सुचवावा. जुनीजाणती मंडळी तो तपासतात, आणि पास झाला की पानाखाली सुचवणाऱ्याचं नाव लागतं. मला तिथे नाव हवं होतं. कॉम्प्युटर शिकलेला घरात मी एकटा, म्हणजे हक्कच की! गेलेल्या नोंदी परत कशा आणायच्या यावर तिथे एक ओळही नव्हती. ते पान आपलं, असं ठरवून मी चार महिने लिहीत बसलो. आमच्या शाळेत कच्ची वही मास्तरांपुढे नेली की पाठीत धपाटा बसायचा. पक्कं झाल्याशिवाय दाखवायचं नाही, हे तेव्हापासून हाडात मुरलेलं.

बदल कसा पाठवायचा हे वहिनीला शिकवलं कुणी? मीच. हातानं पायावर धोंडा.

एका सोमवारी वाचनालयातला कॉम्प्युटर बसला आणि नोंदी गेल्या. वहिनीनं खटपट करून थोडं जमवलं आणि दुपारी त्यावर पान पाठवूनही दिलं. माझ्याच विषयावर! सात ओळी, वर ‘ड्राफ्ट’ असा शिक्का, आणि शेवटी: ‘इथवर मला जमलं. पुढे स्क्रीन कोरी होते, मग मी बंद करून पुन्हा सुरू करते. कुणाला ठाऊक असेल तर लिहा.’

“अगं वहिनी, अर्धवट पाठवलंस? सगळे बघतील ना!”

“बघावं म्हणूनच पाठवलं, भाऊजी.”

“आणि ‘मला येत नाही’ असं कुणी लिहून देतं का?”

“येत नाही तर काय लिहू? येतं म्हणून?”

दादा कपड्यांच्या घड्या घालत म्हणाला, “याचं पान काय, मुहूर्त निघाला की बाहेर पडेल.”

संध्याकाळपर्यंत तिला तीन उत्तरं आली. एकानं चित्रं जोडली. एकीनं क्रम सुधारला. सगळं तपासणारे एक गृहस्थ आहेत, मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणतो. त्यांनी लिहिलं, ‘छान सुरुवात.’ मला त्यांनी कधी दोन शब्द लिहिले नव्हते. मी कधी काही पाठवलंच नव्हतं, हे कळत होतं. पण पोटात दुखायचं ते दुखलंच.

कोऱ्या स्क्रीनचं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. मला होतं. स्क्रीन कोरी झाली की बंद करायचं नाही, अर्धा तास थांबायचं. आतल्या आत नोंदी परत भरत असतात. हा शोधही मला घरी करून बघताना मध्येच डोळा लागल्यामुळे लागलेला. चहा पिता पिता एका वाक्यात सांगता आलं असतं. नाही सांगितलं. दोन दिवस ती बिचारी नोंदी हातानं लिहीत होती, आणि मी माझं चौदा पानांचं काम घासूनपुसून बुधवारी पाठवलं. अनुक्रमणिकेसकट.

आजोबांचं उत्तर आलं: ‘मेहनत दिसते. पण तुम्ही जुनी आवृत्ती धरून लिहिलंय. पाचव्या पानावरचं बटण आता नाही, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. कोऱ्या स्क्रीनचा परिच्छेद तेवढा उपयोगी. तो या दुसऱ्या ड्राफ्टमध्ये घाला. त्या बाईंना विचारा.’

त्या बाई स्वयंपाकघरात तिसरा कांदा चिरत होत्या.

“वहिनी, ते कोऱ्या स्क्रीनचं... बंद करायचं नसतं. अर्धा तास थांबायचं.”

सुरी थांबली. “कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?”

“झाले दोन महिने.”

शाई लागलेलं बोट तिनं पदराला पुसलं. मग म्हणाली, “लिहा तिथे. आणि सोपं लिहा, पोस्टमास्तरांना कळेल असं.”

मी तिच्या पानात दोन ओळी घातल्या. दुसरी तिनं खोडून लहान केली. गुरुवारी वाचनालयातल्या नोंदी परत आल्या, शुक्रवारी पान पास झालं. खाली नावं लागली: तिचं पहिलं, माझं पाचवं. वर्णक्रमानं लावत असतील, म्हणून मी बाकीची सत्तावीस पानं उघडून बघितली.

नाही लावत.