फोटो काढणारा सुबोध

कल्पना करा, तुम्हाला मतं मागायला एका उंच ब्लॉकमधली, म्हणजे अख्ख्या इमारतीतली, सगळी दारं ठोठावायची आहेत. लिफ्टने शेवटच्या मजल्यावर जायचं आणि जिन्याने एकेक मजला खाली उतरत यायचं. प्रत्येक दाराला लोखंडी जाळी, बाहेर चपला. तुम्ही बेल दाबता, आतला टीव्ही बंद होतो आणि दार उघडत नाही. तरीही चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून पुढच्या दाराशी जायचं.

चारुदत्तने हे वर्षानुवर्षं केलं. पेशाने तो सॉलिसिटर. दिवसा लोकांच्या फ्लॅटचे व्यवहार आणि मृत्युपत्रं, संध्याकाळी विरोधी पक्षाचं काम. निवडणुकीत दोनदा पडला, तिसऱ्यांदा निवडून आला आणि संसदेत एकच विषय लावून धरला: माणसाला न भिता मत देता आलं पाहिजे. मतपत्रिकेवर नंबर असतो, त्यावरून आपलं मत सरकारला कळेल म्हणून लोक घाबरत. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत घडीचं टेबल मांडून तो समजावत बसे, "आजी, मत गुप्तच राहतं. कोणी विचारलं तरी सांगू नका. मलासुद्धा नाही!"

त्या टेबलावर त्याच्यासाठी कोपी, म्हणजे तिथली दाट कॉफी, आणून ठेवायचा तो सुबोध. त्याच ब्लॉकमध्ये राहणारा, चांगी विमानतळाजवळच्या बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत नोकरीला असलेला, लहानपणापासूनचा मित्र. मराठी मंडळींच्या गणपतीत चारुदत्तला आरतीचा मान मिळे. पण ग्रुप फोटोची वेळ झाली की कुणाला प्रसादाची घाई होई, कुणाचं पोरगं नेमकं तेव्हाच रडू लागे. "अरे, माझा पीआरचा, इथे कायम राहण्याचा अर्ज सरकारकडे अडकलाय, समजून घे," असं एकाने निदान तोंडावर सांगितलं. सुबोध मात्र कधी पळाला नाही. तो पुढे होऊन म्हणायचा, "द्या कॅमेरा, फोटो मी काढतो." त्यामुळे चारुदत्तच्या एकाही फोटोत सुबोध नाही.

पुढच्या निवडणुकीत चारुदत्त थोडक्यात पडला. दुसऱ्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, सुबोध समोर येऊन बसला. कोपी ढवळत राहिला.

"चारू, काल मत देताना मी..."

चारुदत्तचा हात आपोआप वर झाला. "सांगायचं नाही. मलासुद्धा नाही."

"वकीलसाहेब, संसद सुटली तुमची. आता तरी ऐकाल?"

"नियम म्हणजे नियम."

"बरं बाबा," सुबोध म्हणाला आणि त्याने कप तोंडाला लावला.

पुढे सुबोध निवृत्त होऊन मुलीकडे पर्थला गेला. रविवारी त्याचा फोन येतो. गुडघे, नातवंडं, तिकडची थंडी एवढं बोलून होतं. चारुदत्तची बायको अनघा आतून म्हणते, "विचारून टाका की एकदाचं!" तो मान हलवतो. ज्या माणसाने जन्मभर सांगितलं की हे कुणी कुणाला विचारायचं नसतं, त्याने कोणत्या तोंडाने विचारायचं?

संध्याकाळी तो खाली जाऊन बसतो. टेबल आता नाही, दगडी बाक आहे. येणारे-जाणारे ओळखीचं हसतात आणि लिफ्टकडे वळतात. सुबोधने आपल्याला मत दिलं नसेल, तर ते चारुदत्तने केव्हाच माफ केलंय. पण ते अर्धवट राहिलेलं वाक्य वेगळंच काही असलं तर? मत देताना तू काय, सुबोध?