दुसरा ग्लास मी घेतला

"किती घेतली होतीस?"

कमिटीच्या खोलीत मला विचारलेला हा पहिला प्रश्न. खाली बस असंही कुणी म्हटलं नव्हतं. मी उभी होते. टेबलामागे चौघं बसले होते: आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम, कमिटीच्या अध्यक्षही त्याच; एक सर; ऑफिसचे मोठे बाबू; आणि बाहेरची सदस्य म्हणून बोलावलेली एक बाई, जी पूर्ण वेळ मोबाइलवर बोट फिरवत होती. कॉलेज नांदेडचं, फार्मसीचं. मी दुसऱ्या वर्षाला, वीस वर्षांची. माझी दीड पानाची तक्रार पेपरवेटखाली पडली होती. ती कुणी वाचल्याचं दिसत नव्हतं.

मी म्हणाले, दोन ग्लास.

सरांनी मॅडमकडे बघितलं. बाबूंनी हसू दाबलं, पण नीट दाबलं नाही.

"घरी माहीत हाय का, पोरगी पिती म्हणून?" बाबू म्हणाले.

तक्रार एका मुलाने माझ्याशी काय केलं याची होती. पाऊण तास त्या खोलीत माझीच चौकशी झाली. पार्टीला कुणी बोलावलं, का गेलीस, अंगात काय घातलं होतं, नाचलीस का, आधीपासून बोलणं होतं का. त्या मुलाचं नाव एकदाच निघालं, तेही घरातल्या वडीलधाऱ्याचं घ्यावं तसं हळू आवाजात. तो संस्थेच्या सचिवांचा पुतण्या. शेवटच्या वर्षाचा. मॅडमची नोकरी सचिवांच्या सहीने लागलेली, सरांची आणि बाबूंचीही. मी न्याय मागायला कुणाच्या दारात उभी होते, ते मला तेव्हा कळलं नाही. कळायला हवं होतं.

शेवटी मॅडमनी एक कोरा कागद पुढे सरकवला. परीक्षेचा फॉर्म भरायचाय ना, मग हे लिहून दे, म्हणाल्या. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. मद्यपान करून संस्थेच्या नावाला बट्टा लावल्याबद्दल मी दिलगीर आहे. झाल्या प्रकारास मी स्वतः जबाबदार आहे. शाळेत अर्जलेखनात मला पैकीच्या पैकी मार्क असायचे. समास सोडला, तारीख घातली, आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी लिहून सही केली.

"अक्षर सुंदर आहे गं तुझं," मॅडम म्हणाल्या.

मी "थँक यू मॅडम" म्हणाले. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आता ती दुपार सांगते. लपवाछपवी न करता सांगते.

शेवटच्या वर्षाच्या मुलांचा निरोप होता. मुदखेडच्या रस्त्याला सचिवांचं फार्महाउस आहे, तिथे. हॉस्टेलचं गेट सातला बंद होतं म्हणून कार्यक्रम सकाळी अकरालाच सुरू झाला. वीसेक पोरंपोरी होतो. सचिवांच्या पुतण्याने मला संत्र्याच्या कोल्ड्रिंकचा ग्लास आणून दिला. अर्धा संपला तेव्हा कडवट लागलं. दारू आहे हे मला समजलं. मी ग्लास खाली ठेवू शकले असते. ठेवला नाही. तो संपवला, आणि दुसरा मी स्वतःच्या हाताने टेबलावरून उचलला.

का उचलला? मी उदगीरची. आमचं पेंडीचं दुकान. घरात सकाळी कपाळाला विभूती लावल्याशिवाय कुणी चहा घेत नाही. दोन वर्षं वर्गात मला "आज्जी" म्हणायचे. केसाला तेल, पूर्ण बाह्या, डब्यात कायम भाकरी. त्या दुपारी कुणी आज्जी म्हटलं नाही. मला बरं वाटलं. हेच खरं कारण, दुसरं काही नाही.

नंतर पाय ऐकेनात. रूममेटने मला धरून आतल्या खोलीपर्यंत नेलं. तो म्हणाला, तू जा, मी बघतो. ती गेली. दार लागलं. कूलरची घरघर आठवते. तोंडात जीभ दगडासारखी पडलेली आठवते. तो काय करतोय ते कळत होतं आणि नव्हतंही. मला हात उचलायचा होता. हात उचलला गेला नाही. एवढंच सांगते. याच्यापुढचं मी पोलिसांना सांगितलं आहे आणि कोर्टाला सांगेन. बाकी कुणाचा त्यावर हक्क नाही.

आठ दिवस मी गप्प होते. मग तक्रार लिहिली, मग ती कमिटी झाली, मग मी बॅग भरून उदगीरला आले.

मी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. माझा मामा अहमदपूरला याच संस्थेच्या शाळेत शिक्षक. बारा वर्षं विनाअनुदानित तुकडीवर, आज ना उद्या कायम करतील या आशेवर. सचिवांनी त्यालाच फोन लावला, त्याने आईला. आईने पाणी तापवलं, मला डोक्यावरून आंघोळ घातली. मग माझी बॅग उघडली. त्या दिवसाचे कपडे मी एका पिशवीत गुंडाळून ठेवले होते. तिने ते साबणात भिजवले, दगडावर आपटले, पुन्हा भिजवले. आमच्याकडे बाईला काही झालं की दुसरी बाई आधी धुवायला बसते. आईला वाटलं, ती माझ्यासाठी काहीतरी करतेय. मलाही तसंच वाटलं. मी तिला कपडे पिळू लागले.

पुढच्या रविवारी बैठक ठरली. आमच्या भागात ही रीत आहे. पोराने पोरीची छेड काढली की चार माणसं जमतात, आणि पोरीच्या हातून त्याला राखी बांधवतात. झाला भाऊ, मिटलं. शाळेत असताना मी हे दोनदा बघितलेलं. त्यातली एक मैत्रीण अजून त्या माणसाला रस्त्यात बघून नमस्कार करते. करावाच लागतो.

सचिव स्वतः आले. सोबत पुतण्या, आणि एक पांढऱ्या शर्टातला माणूस, जो त्यांच्या मागे-पुढे करत होता. दुकानाच्या वरच्या खोलीत गाद्या घातल्या. अप्पा, म्हणजे माझे वडील, दाराजवळ बसले, पाहुण्यांपासून लांब. सचिवांनी चहा घेतला, आमच्या घरातल्या लिंगपूजेचं कौतुक केलं, मामाच्या पाठीवर हात ठेवला. यंदा तुमच्या तुकडीचं बघू, म्हणाले. मामाचा चेहरा उजळला, आणि लगेच त्याने मान खाली घातली.

मग सचिव माझ्याकडे वळले. आवाज अगदी गोड.

"ताई, दोघं बी पोरंच हाव तुमी. दोघं बी प्यालते. दोघांची बी चूक. भाऊ म्हणून पदरात घे, मामला इथंच मिटला."

मामाने ताट पुढे केलं. कुंकू, अक्षता, पेढे आणि एक राखी. श्रावण कधीच सरला होता. कुठल्या तरी दुकानातली उरलेली राखी असावी. पाकिटावर धूळ होती, मधला चमकीचा गोंडा एका बाजूने सुटलेला. पुतण्या माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि त्याने हात पुढे केला. कंटाळलेला होता. दाढीच्या खुर्चीत बसतात तसा बसला होता.

मी राखी उचलली. हे मला सांगायलाच हवं. सगळं झाल्यावर लोक मला धीट म्हणाले, म्हणून सांगते. मी राखी उचलली, त्याच्या मनगटाभोवती दोरा फिरवला आणि पहिली गाठ मारायला घेतली. आईकडे बघितलं. ती पदराने डोळे पुसत होती, आणि त्या डोळ्यांत सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. मामाचं पोट, आईची अब्रू, धाकट्या बहिणीचं लग्न, सगळं त्या एका गाठीवर होतं. माझं त्यात काय होतं ते कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

तेवढ्यात पांढऱ्या शर्टवाल्याने मोबाइल वर धरला.

"ताई, जरा इकडं बघा."

मी विचारलं, फोटो कशाला?

"वकीलसाहेब म्हणले, फोटो असू द्या."

सचिवांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचा हात खाली आला. पण बोलायचं ते तो बोलून बसला होता.

माझी बोटं थांबली. वकील? मी अजून पोलीस ठाण्याची पायरी चढले नव्हते. गुन्हा हा शब्द माझ्या तोंडातून एकदाही निघाला नव्हता. तीन आठवडे मी स्वतःलाच विचारत होते, की झालं ते नक्की काय होतं, मी प्यालेली होते तर त्याला नाव काय द्यायचं. आणि या लोकांनी वकील गाठला होता. जे झालं त्याचं नाव त्यांना माझ्याआधी माहीत होतं. म्हणून कमिटीचा तो कागद होता. म्हणून ही राखी होती. मला बहीण करून घ्यायला कुणी आलं नव्हतं. ते पुरावा न्यायला आले होते, आणि तो मी माझ्या हाताने बांधून देत होते.

मी गाठ सोडली. राखी ताटात ठेवली. त्याला विचारलं, त्या दिवशी तू मला विचारलं होतंस का?

तो काकाकडे बघायला लागला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तो वैतागून म्हणाला,

"तुला कुठं बोलता येऊन राहिलं होतं? विचारणार काय?"

खोलीतल्या प्रत्येकाने हे ऐकलं. आईने ऐकलं, मामाने ऐकलं. त्याला वाटलं, त्याने स्वतःची बाजू मांडली. सचिवांनी त्याचा दंड धरून उठवलं. मामा माझ्याजवळ सरकला.

"सोड की माय आता," तो म्हणाला. "कशाला वाढवून राहिलीस?"

अप्पा उठले. मला वाटलं, आता मारतात. त्यांनी चपला घातल्या.

"चल," म्हणाले. "ठाण्यात जाऊ."

ठाण्यात साहेबांनी आधी हद्दीचं सांगितलं. घडलं नांदेड जिल्ह्यात, तिकडे जा. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या हवालदार बाई उठून आल्या आणि म्हणाल्या, साहेब, झिरो नंबरनं गुन्हा नोंदवून तिकडं पाठवता येतो, कायद्यात आहे. साहेबांना ते माहीत नव्हतं असं नाही. बाईंनी मला आत बसवलं, पाणी दिलं आणि लिहायला घेतलं. कपडे कुठे आहेत, विचारलं. धुतले, म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं, परत उचललं.

"दारू प्यालीस ते लिहू?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, लिहा. दोन ग्लास.

त्याच बाईंनी मला कायदा वाचायला सांगितला. मी वाचला, औषधांची नावं पाठ करते तसा. नशेत जिला आपण कशाला हो म्हणतोय हे उमजत नाही, तिचं हो धरायचं नाही, असं त्यात आहे. जिला हो-नाही सांगताच येत नाही, तिची संमती नाही, असं आहे. तिने झटापट केली नाही, एवढ्यावरून ती राजी होती असं म्हणायचं नाही, असंही आहे. दारू स्वतःच्या हाताने प्याली तर कायदा लागू नाही, असं कुठेही नाही. मी ते पान चार वेळा वाचलं. इतकं सरळ लिहिलेलं असताना शिकलेल्या चार माणसांनी मला पाऊण तास उभं ठेवलं होतं.

आता खटला उभा राहिलाय. तो जामिनावर बाहेर आहे. माझ्या सुंदर अक्षरातला माफीनामा त्याच्या वकिलाने जोडलाय. मामाची तुकडी संस्थेने बंद केली. मामीने एकदाच फोन केला. "तुझ्या पिण्यापायी आमची चूल इझली," म्हणाली आणि ठेवला. तिची चूल विझली हे खरंच आहे. विझवली कुणी, ते तिला माहीत आहे, पण त्याचं नाव घेणं तिला परवडणारं नाही. आई माझ्याशी जेवणापुरतं बोलते. मी घरून अभ्यास करते, परीक्षेपुरती नांदेडला जाते. पेपर झाला की रूममेट मान फिरवून निघून जाते. सरकारी साक्षीदारांच्या यादीत तिचं नाव आहे. ती काय सांगेल, मला माहीत नाही.

पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे. सरकारी वकिलाच्या मदतीला म्हणून अप्पांनी लावलेले वकील भले आहेत. काल त्यांनी मला बसवून समजावलं. दुसरा ग्लास तुझ्या हाती कसा आला, ते जबाबात आलेलं नाही. त्यानेच पाजला म्हण. सोपं जाईल. आईने माझ्यापुढे हात जोडले, तसंच म्हण म्हणून. माझ्या बाजूची माणसंही आता मला सोवळी करून कोर्टात न्यायला निघाली आहेत. न पिणारी, साधी, फसवली गेलेली पोरगी. तसल्या पोरीलाच न्याय मिळतो अशी त्यांची खात्री आहे.

मी तसं म्हणणार नाही. मी खोटं बोलले तर कमिटीचा पहिला प्रश्न बरोबर होता असा अर्थ होईल. म्हणजे सगळं ग्लासावरच ठरतं, हे मीच कबूल केल्यासारखं होईल. आणि माझ्यामागून जी पोरगी स्वतःच्या हाताने ग्लास उचलेल, तिला मी त्याच खोलीत उभी करीन.

त्याचा वकील विचारेल, प्यालात का? हो. पहिल्या ग्लासातच कळलं होतं का? हो. तरी दुसरा घेतलात? हो, मीच घेतला. तो कोर्टाकडे वळून हसेल. हसू दे. मी प्याले, तो माझा दोष म्हणायचा तर माझ्या आईबापाने म्हणावा. त्या मुलाने जे केलं तो गुन्हा आहे. या दोन गोष्टी मी एका वाक्यात बसू देणार नाही, आणि मला कुणी बस म्हणेपर्यंत साक्षीच्या पिंजऱ्यातून हलणार नाही.