माझी निळी साडी आणि सुमनची कात्री

हिरवे तुकडे पुन्हा कमी भरले होते. दुपारच्या चहाच्या वेळी गठ्ठा चांगला फुगलेला होता, संध्याकाळी तो निम्मा झाला. कोकणात चोर मासळी नेईल, नारळ नेईल. जुन्या साडीच्या चिंध्या कोण नेणार?

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीहून पावसला जाताना वाटेत एक गाव लागतं. तिथल्या शाळेच्या हॉलमध्ये मी एका संस्थेचा गोधडीचा क्लास चालवत होते. मुंबईच्या एका दुकानाला नव्या पद्धतीची गोधडी हवी होती. घरची गोधडी एकेका घरातल्या जुन्या कापडाची असते. इथे सगळ्या बायकांचे तुकडे एकत्र करून एकच मोठं चित्र करायचं होतं. वर समुद्र, खाली जांभ्या दगडाचा लाल सपाट सडा आणि सगळीकडून धावदोरा, म्हणजे साधी सरळ शिलाई. सॅम्पल पसंत पडलं की वर्षभराची ऑर्डर मिळणार होती.

साड्या सगळ्यांनी हौसेने आणून दिल्या होत्या. कापायचं काम मी सुमनला दिलं आणि तेव्हापासून तुकडे नाहीसे व्हायला लागले. सुमन चिपळूणकडची. नवऱ्याने टाकलेली, इथे भावाकडे राहायची. क्लासची मजुरी हाच तिचा त्या घरातला मान होता.

मी संस्थेच्या साहेबांना सांगितलं.

"कात्री कोणाकडे असते?" त्यांनी विचारलं.

"सुमनकडे."

"मग काढा तिला. सॅम्पल वेळेवर गेलं पाहिजे."

संशय माझाही तिच्यावरच होता. पण नुसत्या संशयावर काढवेना. म्हणून दोन दिवस मी दाराशी खुर्ची टाकून बसले, रजिस्टरात डोकं घालून. दुसऱ्या दिवशी इंदिराकाकी सापडल्या. वयाने सगळ्यांत मोठ्या, देवळातल्या हळदीकुंकवाचा पहिला मान त्यांचा. हिरवा तुकडा त्या निऱ्यांत खोवत होत्या.

"काकी, तुम्ही?"

"चोरी कसली, बाई? माज्याच सुनेच्या साडीचा तुकडा हाय. पोटुशी हाय ती."

"मग?"

"सुमनचा बापूस भगत व्हता. अंगारेधुपारे, करणी, सगळा करायचा म्हणतात. अंगावरचा कापड अशीच्या हाताशी कोण ठेवील? तुमी मुंबयच्या, तुमाला नाय कळायचा."

संध्याकाळपर्यंत खुर्चीवरून दिसलं, त्या एकट्याच नव्हत्या. जी ती आपापले तुकडे गुपचूप घरी नेत होती. शिवाय आपण नेतो ते दुसरीला कळू नये म्हणून सगळ्या एकमेकींवर डोळा ठेवून होत्या. मला राग आला, आणि त्याहून जास्त माझीच लाज वाटली. रागावून काही होणार नव्हतं. समजावलं असतं तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या आणि तुकडे तसेच गेले असते.

दुसऱ्या दिवशी मी माझी रोजची निळी साडी क्लासला नेली आणि सगळ्यांसमोर सुमनपुढे ठेवली. "समुद्राला निळं कमी पडतंय. काप."

सुमनने हात मागे घेतला. हळूच म्हणाली, "नको, बाई. उद्या तुमाला साधा ताप आला तरी तो माज्यावर येल. भावजयीला तेवढाच निमित्त हवा हाय."

"मला ताप येत नाही. काप."

तिने कापली.

त्या दिवसापासून सगळ्याजणी माझ्यावर नजर ठेवून होत्या. चहा कमी प्यायले तर "जेवण जाता ना?" डोळे लाल दिसले तर "झोप नाय लागली?" मला शिंकायची चोरी झाली.

आणि त्याच आठवड्यात, मी राहत होते त्या खोलीच्या जांभ्याच्या पायरीवर शेवाळावरून माझा पाय सटकला. घोटा टम्म सुजला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि म्हणाले, "आठ दिवस पाय खाली टेकायचा नाही." सकाळी पट्टी सोडली, घोटा झाकेल अशी साडी लांब नेसले आणि क्लासला गेले. मी घरी बसले असते तर सुमनला कायमचं घरी बसावं लागलं असतं. दिवसभर सगळ्यांच्या मधून फिरले, नेहमीसारखी टाके तपासत. दाढा इतक्या आवळल्या होत्या की संध्याकाळी भात चावताना जबडा दुखला.

पहिला तुकडा इंदिराकाकींनीच परत आणला. "घरी पडलेला मिळाला," म्हणाल्या. मग बाकीच्यांनाही आपापले तुकडे घरी पडलेले मिळायला लागले.

सॅम्पल वेळेवर गेलं. दुकानाच्या बाईंना त्यातलं निळं फार आवडलं. ऑर्डर मिळाली. साहेबांनी रिपोर्टात लिहिलं, 'महिलांमध्ये सहकार्याची भावना उत्तम.'

सॅम्पल गेलं त्या संध्याकाळी बायका घरोघर गेल्या. मी हॉलचं कुलूप लावून उभी होते. सुमन मागे थांबली होती. तिने माझ्या पायाकडे पाहिलं आणि माझी पिशवी हातातून घेतली.

"आता लंगडा, बाई," ती म्हणाली. "सगळ्या गेल्या."

पुढे मी बरेच क्लास चालवले. नव्या ग्रुपमध्ये डिझाइन दाखवण्याआधी इथे कोण कोणाला घाबरतं ते विचारून घेते. घोटा अजून थंडीत दुखतो.