काका नसताना चालू होणारा सर्व्हर

डायलिसिस केंद्राच्या मागच्या अरुंद खोलीत नोंदींचा सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे एक जुना संगणकच. कोणत्या पेशंटचं वजन किती, मागच्या खेपेला किती पाणी काढलं, कोणतं इंजेक्शन सोसत नाही, हे सगळं त्यात. पलंगाशेजारच्या पडद्यांवर ते दिसतं, पण रोज सकाळी सातला कोणीतरी तो हाताने सुरू केला तरच, कारण संध्याकाळी मेन स्विच बंद होतो. हे कोणीतरी म्हणजे नोंदणी कारकून. सगळे त्यांना काका म्हणतात.

चौदा वर्षं काकांनी खाडा केला नाही. बायको गेली त्या सकाळीही ते आले, सर्व्हर सुरू केला आणि आल्या पावली परतले. अपवाद एकच: तापाने अंथरुणाला खिळले, तेव्हा अकरा पेशंट दोन तास ताटकळले आणि एका आजींना धाप लागली. आजी वाचल्या. काकांनी मात्र त्यानंतर तापाची गोळी खिशातच ठेवली.

आता गुरुवारी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

सोमवारी त्यांनी वीज आली की सर्व्हर आपोआप सुरू होईल अशी सोय केली. मंगळवारी सकाळी मेन स्विच लावला, सवयीने पासवर्ड टाकला, नोंदी उघडल्या. झालं एकदाचं, असं त्यांना वाटलं.

"उद्या मेन स्विच मी लावते," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही बाहेर बसायचं. नुसतं बसायचं."

बुधवारी काका पेशंटच्या बाकावर बसले. दहा मिनिटांनी सिस्टर बाहेर आल्या.

"काका, तुमचं नाव दाखवतोय आणि पासवर्ड मागतोय. पडदे कोरेच आहेत."

काकांचे कान तापले. संगणक आपोआप चालू झाला होता, पण नोंदींचा प्रोग्राम त्यांनी स्वतःच्या खात्यातल्या, लॉगिननंतर सुरू होणाऱ्या यादीत टाकला होता. काका लॉगिन करतील तेव्हाच तो उठणार. रोज स्वतःच पासवर्ड टाकणाऱ्याच्या हे ध्यानात येणार कसं?

"लाडावून ठेवलाय तुम्ही त्याला," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्याशिवाय घास उतरत नाही त्याच्या घशाखाली."

"थट्टा मागाहून. आधी पेशंट घ्या," म्हणत काकांनी पासवर्ड टाकला.

दुपारी दोन पाळ्यांच्या मधे पलंग रिकामे झाले. काकांनी आपल्या खात्यातली ती ओळ काढली आणि प्रोग्रामची नोंद थेट यंत्राच्या सेवांमध्ये, म्हणजे यंत्रासोबतच सुरू होणाऱ्या कामांमध्ये केली. आता कोणी लॉगिन करो वा न करो, तो सुरू होणार. मग सिस्टरांना मेन स्विच तीनदा बंद करून तीनदा लावायला सांगितला. स्वतः दाराबाहेर, हात मागे बांधून उभे राहिले. तिन्ही वेळा पडद्यांवर नोंदी आल्या.

"पासवर्ड लिहून देता का? असावा आपला," सिस्टरांनी विचारलं.

"द्यायला हवा," काका म्हणाले. चौदा वर्षांत तो त्यांनी कोणाला सांगितला नव्हता. कागदावर लिहिला, खाली सही केली. सहीची गरज नव्हती.

गुरुवारी सकाळी त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा मुलीने फोन मागितला. "दोन मिनिटं," ते म्हणाले. सात वाजून सहा मिनिटांनी सिस्टरांचा निरोप आला: पहिला पलंग सुरू. कोणी हात लावला नाही.

काकांनी तो एकदा वाचला आणि फोन मुलीच्या हाती दिला.